चांदीचं कुटाराचं पारडू

"आपल्या गोठ्यात एकही म्हैस दूध चोरू शकत नाई!" तोंडातला तंबाखूचा खर्रा गालात सरकवत आंजी गावच्या प्रभाकररावांनी बायकोला, रुखमाला ठणकावलं आणि दाभणात सुतळी ओवली.

चांदी म्हशीचं पारडू आठव्या दिवशीच गेलं होतं आणि तेव्हापासून तिनं पान्हा चोरला होता. रुखमानं तिला ती एवढीशी होती तेव्हापासून हातानं वाढवलेलं. शनिवारपर्यंत दूध आलं नाही, तर गुरांचा व्यापारी हेमराज तिला घेऊन जाणार होता. रुखमाला घास गोड लागेना.

प्रभाकररावांनी जुना उपाय काढला. पारड्याचं वाळवलेलं कातडं घेतलं, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, भरलं, पोट शिवलं आणि चार काठ्यांवर उभं केलं. पारडू हुबेहूब जमलं होतं! इतकं, की त्याच्याकडे पाठ करून बसायची कुणाची हिंमत होईना. चांदीनं मात्र एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"अवो, मेलेल्याले असं उभं करू नाई. आपली मांजरबी दोन दिवसांपासून घरात पाय टाकून नाई राह्यली."

"मांजरीले काय समजते? तू बादली आण!"

शनिवार उजाडला आणि कलला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, लाइट गेली. वारा असा नव्हताच. प्रभाकरराव बादली घेऊन बसले, तर समोर पारड्याचं पोट हललं.

भास असेल, असं ते स्वतःला समजावतात तोच पोट फुगलं आणि हळूच खाली बसलं. मग आतून बारीक रडणं आलं. चांदीनं कान टवकारले, रेकली, पारड्याला चाटू लागली आणि हात लागायच्या आत दूध गळायला लागलं!

"रुखमे! ते... ते रडून राह्यलं!"

रुखमा हळदकुंकू घेऊन धावली. तेवढ्यात दोर घेऊन हेमराज दारात.

"कोण रडून राह्यलं, भाऊ?"

"मेलेलं पारडू."

पुन्हा रडणं आलं. हेमराजनं दोर टाकला, एक चप्पल टाकली आणि फटफटीला किक मारली ती थेट गावाबाहेर!

प्रभाकरराव खांबाला मिठी मारून उभे होते. रुखमा मात्र दुधाकडे बघून रडायलाच लागली. चांदी आता जात नव्हती, मग भीती कशाची? तिनं पारड्याच्या पोटावरून मायेनं हात फिरवला. उसवलेल्या शिवणीतून दोन हिरवे डोळे चमकले. मांजर! आणि तिच्या कुशीत चार पिल्लं!

दोघंही पोट धरून हसली. पण चौथ्या दिवशी मांजरीनं बिऱ्हाड माळ्यावर हलवलं आणि चांदीनं पुन्हा पान्हा चोरला.

आता दोन्ही वेळा धार रुखमा काढते. प्रभाकरराव पारड्यामागे उकिडवे बसलेले असतात. आणि हेमराज बाजारात शपथेवर सांगतो, "ते पारडू अजूनबी रडते, भाऊ! फक्त आजकाल रडता रडता मंधातच थांबून खर्रा थुकते."