अल्टर केलेले निरोप

शिंप्याचा आणि त्याच्या बायकोचा अबोला तिसऱ्या आठवड्यात शिरला होता. दुकानातलं जादा मशीन त्याने न विचारता जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, एवढंच निमित्त. ती दवाखान्यात नर्स. "दिवसभर पेशंटचं ऐकायचं, घरी येऊन मशीनचं ऐकायचं नाही मला," असं म्हणाली. "मग माझंही ऐकू नकोस," तो म्हणाला. तिने खरंच ऐकणं बंद केलं.

मधल्यामध्ये सापडली पंधरा वर्षांची लेक. पहिल्या आठवड्यात तिने दारं आपटली, ताट खोलीत नेऊन जेवली, शाळेत बाईंना उलट उत्तर दिलं. मग पोर अचानक निवळली. टेबलावरचं मशीन कडेला सरकवून तिथेच जेवू लागली, चक्क गुणगुणू लागली. वय असतं एकेक, असं म्हणून शिंप्याने विषय सोडून दिला.

निरोप तिच्यामार्फतच जात.

"सांग तुझ्या आईला, भाजीत मीठ घालताना हात आवर म्हणावं."

लेक आत जायची, दोन मिनिटांनी बाहेर यायची. "सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तीच भाजी, तितकीच खारट, वर दुप्पट वाढलेली!

"सांग तिला, तो निळा ड्रेस पार विटलाय. टाकून दे."

तर बायको एक दिवसाआड निळा ड्रेस घालू लागली. वर त्याच्याकडे बघून किंचित हसायची. हा उघड उघड छळ आहे, अशी शिंप्याची खात्रीच पटली.

तेवढ्यात शाळेतून पालकांना बोलावणं आलं. "सांग तुझ्या आईला, मला दुकान सोडायला फुरसत नाही. तिचं तिने जावं."

शनिवारी दुपारी शिंपी एका ढेरपोट्या गिऱ्हाइकाचं माप घेत होता. तर दारात बायको! निळा ड्रेस, कडक इस्त्री.

"निघायचं ना?"

शिंप्याच्या हातातली टेप निसटली. "कुठे?"

"शाळेत. तुम्हीच म्हणालात ना, दोघं मिळून जाऊ, दुकानावर ये म्हणून?"

"मी?"

"आणि निळ्यात मी छान दिसते म्हणे. भाजीला आईच्या हाताची चव आहे म्हणे."

"मी असं... थांब. मग मशीनचा आवाज आला की घर भरल्यासारखं वाटतं, हे तू म्हणालीस ना?"

"मी म्हणाले होते, त्या खडखडाटाने डोकं उठतं!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बायकोला जे हसू फुटलं, ते शिंप्यालाही आवरेना.

"मास्तर," गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, "पोट सोडू का आता?"

शाळेत बाई म्हणाल्या, "मागे तुम्हाला तक्रारीची चिठ्ठी लिहायला घेतली होती मी. आता वर्गातली भांडणं तुमची मुलगी मिटवते. घरी काय बदल केलात?"

बायकोने मान खाली घातली. शिंपी म्हणाला, "आम्ही काहीच नाही केलं, बाई. जे केलं ते तिनेच."

लेक फाटकाशी उभी होती. दोघांना एकत्र येताना बघून तिचा चेहरा उतरला.

"कळलं का तुम्हाला? रागावलात?"

शिंप्याला पुष्कळ बोलायचं होतं. "फार उपकार झाले गं तुझे," एवढंच म्हणाला. आईने तिला जवळ ओढून घेतलं.

"असू दे," लेक डोळे पुसत म्हणाली, "पण यापुढे तुमचं तुम्ही बोला. मला अभ्यास आहे." आणि झपाझप पुढे निघून गेली.

दोघं मागे राहिले. मध्ये कुणी नसताना बोलायची सवयच मोडली होती. निम्मा रस्ता तसाच सरला.

"पाय दुखतात का गं तुझे?" शिंप्याने अखेर विचारलं. ती दिवसभर उभी असते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. विचारलं मात्र आज.

"दुखतात," ती म्हणाली. "पण चला. लांबच्या रस्त्याने जाऊ."