श्वास धरा, हसू नका

शार्दूलने स्क्रू सैल केला, 'टण्' असा बारीक आवाज झाला आणि सासऱ्यांच्या कॅमेऱ्यातली स्प्रिंग त्याच्या हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये कुठेतरी गडप झाली.

"प्रियदर्शनी, हलू नकोस! आहेस तिथेच थांब!"

"का? आप्पाजी फोटो काढतायत का?" म्हणत बायको बाहेर आली आणि टेबलाकडे बघून जागीच थिजली. "तू पेटी उघडलीस?"

पेटी म्हणजे आप्पाजींचा जुना फिल्मचा कॅमेरा. निपाणीहून जयनगरला आल्यापासून घरातलं प्रत्येक बारसं आणि लग्न त्यांनी याच पेटीत टिपलं होतं. तिला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. उद्या त्यांच्या आणि कृष्णाबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, म्हणून मोठ्या विश्वासाने त्यांनी ती जावयाकडे दिली होती. काम एवढंच, वरची काच पुसून आणायची.

पण शार्दूल पडला पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. बटण दाबलं की शटरची पाती आळोखेपिळोखे देत उघडतात आणि तितक्याच सावकाश मिटतात, हे दिसल्यावर तो काच पुसून गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"अगं, शटर चिकटतंय. रिपेअर करून सरप्राइज देणार होतो."

"पेटी बिघडली ना, तर आप्पाजी उद्या जेवणार नाहीत. आणि तुझ्याशी बोलणारही नाहीत."

मग शोध सुरू झाला. सोफा सरकवला, गालिचा झटकला. व्हॅक्यूम क्लीनरमधली धूळ वर्तमानपत्रावर ओतून दोघं ती चिवडायला बसले, तोच प्रियदर्शनीला शिंक आली आणि सगळी धूळ पुन्हा घरभर झाली. शेवटी स्प्रिंग सापडली ती शार्दूलच्याच हातात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला लोहचुंबक होतं, बाईसाहेब त्यालाच चिकटून हा तमाशा बघत होत्या.

कापसाच्या बोळ्याने त्याने पात्यांवरचं थिजलेलं तेल पुसून काढलं, स्प्रिंग जागेवर बसवली आणि बटण दाबलं. टिक! पाती उघडली कधी, मिटली कधी, कळलंसुद्धा नाही. ज्यांनी कुणी हे यंत्र घडवलं, त्यांच्या पाया पडावं असं शार्दूलला मनापासून वाटलं. आता आपण काही बोलायचं नाही, आप्पाजींनाच कळेल आणि तेच शाबासकी देतील, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आप्पाजींच्या जयनगरच्या घरी अंगणात सगळे ओळीने उभे राहिले.

"श्वास धरा! हसायचं नाही. हललं की पुसट येतंय," आप्पाजींनी नेहमीचा हुकूम सोडला. घरात तो जुना शिरस्ताच होता. त्यामुळे अख्खा अल्बम सांत्वनाला जमल्यासारखा दिसे. दिवसभर खळखळून हसणाऱ्या कृष्णाबाई तर त्यात कडक हेडमास्तरीण वाटत.

आप्पाजींनी बटण दाबलं. टिक.

"खटका बसला नाही वाटतं. स्वल्प थांबा." फिल्म पुढे सरकवून त्यांनी पुन्हा दाबलं. टिक. "पेटीचा नेहमीचा लांबलचक कर्रर्र आवाजच येईना की!"

इकडे सगळे श्वास धरून लालबुंद, तिकडे जावयाचा चेहरा पांढराफटक. ते बघून कृष्णाबाईंना हसू फुटलं.

"अगं, हसू नको म्हणतो ना!" टिक. टिक. असं करत फिल्म संपली. आप्पाजी पायरीवर बसले. "गेली माझी पेटी. आजच जायची होती."

त्यांचे भरलेले डोळे शार्दूलला बघवेनात. "आप्पाजी, मी उघडली होती. पण बिघडली नाहीये हो, नीट झालीये."

आप्पाजी पेटी उचलून आत निघून गेले. फोटो धुऊन येईपर्यंत ते जावयाशी बोललेच नाहीत.

फोटो आले ते काळपट. शटर सावकाश मिटतं म्हणून आप्पाजी उजेडाचं छिद्र कायम बारीक ठेवत. सवयीने परवाही तसंच ठेवलं होतं, त्यामुळे भर दुपारी सांज झाली होती. पण पहिले दोन सोडले तर प्रत्येक फोटोत कृष्णाबाई हसत होत्या. एकात हसू दाबताना, एकात तोंडाला पदर लावून, एकात डोळे मिटून अगदी मोकळेपणी. जराही पुसट नाही.

आप्पाजींनी ते फोटो एकेक करून पुन्हा पाहिले. "इतक्या वर्षांत तू फोटोत एकदा पण अशी हसली नाहीस की गं."

"हसत होते की हो दर वेळी. समोर तुम्हीच तर असायचात. तुमची पेटी मिटेपर्यंत हसू कुठवर धरून ठेवायचं?"

आप्पाजींनी चष्मा काढून पुसला. मग आत जाऊन पेटीत नवी फिल्म भरून आणली आणि ती शार्दूलच्या हातात दिली. "जावईबापू, आता तुम्ही काढा. छिद्र जरा मोठं करा. मी हिच्याशेजारी उभारतो."

शार्दूलने डोळा लावला. कृष्णाबाई हसत होत्या. शेजारी आप्पाजी ताठ, छाती फुगवून, ओठ घट्ट मिटून उभे.

"आप्पाजी, झाला काढून!"

तरी आप्पाजी हलेनात. कृष्णाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "श्वास सोडा की हो आता!"