कोरा करकरीत सर्व्हर

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका. विद्यापीठात जंगल माजलेलं तुम्हाला चालतं, मग जंगलात विद्यापीठ असलं तर काय बिघडलं? मांडी घालून नीट बसा आणि ऐका.

ह्या विद्यापीठात अस्वलं अर्थशास्त्र शिकवायची आणि वटवाघळं इतिहास. माकडांचा एक व्यवस्थापन विभाग होता. तिथे नेमकं काय शिकवतात ते माकडांनाही ठाऊक नव्हतं, पण प्रवेशाला झुंबड उडायची. सगळ्यांच्या टेबलावर संगणक होते. त्या संगणकांची, तारांची आणि सतत कागद अडकणाऱ्या प्रिंटरांची उस्तवार करायला एक संगणक केंद्र होतं. त्याचे प्रमुख होते खवलेभाऊ.

खवलेभाऊ म्हणजे खवल्या मांजर. नावात मांजर असलं तरी हा प्राणी मांजर नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मधेच विचाराल. अंगभर खवले, हातभर जीभ, आवडता खुराक वाळवी. आणि जरा कुठे धोका दिसला की अंगाची घट्ट वळकटी करून पडून राहायचं. हा शेवटचा गुण बघूनच त्यांना प्रमुख केलं होतं म्हणे.

कुणी तक्रार घेऊन आलं, की भाऊ वळकटी करत. आलेला थोडा वेळ थांबे, दोनदा खाकरे, मग कंटाळून निघून जाई. पावलं लांब गेली की भाऊ हळूच उलगडत आणि चहा मागवत.

भाऊ वाईट नव्हते. घाबरलेले होते. आणि त्याला कारण होतं.

त्यांच्या आधी केंद्राचे प्रमुख होते कासवतात्या. तात्यांनी सगळी यंत्रं सगळ्यांना मोकळ्या मनाने वापरू दिली. वापरली तशी ती झिजली. तात्या निवृत्त झाले त्या दिवशी सामानाची यादी ताडून पाहिली, तर एक तार सापडेना. वीतभर तार. पण विद्यापीठाचा नियम असा, की ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्याच अंगावर तिची जबाबदारी. सगळं सामान धडधाकट परत केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शन सुरू होत नसे. तेव्हापासून तात्या रोज सकाळी कचेरीच्या दाराशी येऊन उभे राहत. कुलसचिव होत्या घोरपडबाई. त्या रोज सांगत, तुमची फाइल वर गेलीय. फाइल त्यांच्याच पंजात असे. घोरपडीने एकदा धरलं की सुटत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

खवलेभाऊ रोज तात्यांच्या समोरून कामावर जात. तात्या मान आत ओढून घेत. भाऊ नजर चुकवत. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ स्वतः निवृत्त होणार होते. त्यांना मानपत्र नको होतं की सत्कार नको होता. त्यांना तेवढा दाखला हवा होता.

अशात विद्यापीठात नवा सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे सगळ्यांनी लिहिलेलं, मोजलेलं, जमवलेलं एका जागी सांभाळणारं मोठं यंत्र. जुना सर्व्हर थकला होता. मधेच घरघरायचा, मधेच झोपायचा. नवा मात्र कोरा करकरीत, प्लॅस्टिकात गुंडाळलेला, वर लाल सील. त्याच्यासाठी वेगळी खोली रंगवली. खोलीला एसी हवा होता. नव्या एसीला पैसे नव्हते, म्हणून जुन्या सर्व्हरच्या खोलीतला काढून इथे लावला.

आता गंमत बघा. नवा सर्व्हर बंद होता, पण गारव्यात होता. जुना सर्व्हर चालू होता आणि पत्र्याखाली तापत होता. कुणालाच हे विचित्र वाटलं नाही. नवीन वस्तूला जपायला नको का?

तुम्ही म्हणाल, नवा सर्व्हर चालूच का नाही केला? अरे, उद्घाटन कुठे झालं होतं! कुलगुरू होते सांबरसाहेब. त्यांचं म्हणणं, एवढं मोठं यंत्र, त्याचं बटण कुलपतींनीच दाबलं पाहिजे. कुलपती म्हणजे वनराज सिंह. सिंहाला वेळ नव्हता. पावसाळ्यात तो म्हणाला, चिखल आहे. थंडीत म्हणाला, ऊन खातोय. यंत्राची वर्षभराची हमी मात्र यंत्र आलं त्याच दिवशी चालू झाली होती. तिला उद्घाटनाची गरज नव्हती.

खवलेभाऊंना ही दिरंगाई मनापासून आवडली. बंद यंत्र बिघडत नाही. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. दारावर पाटी लावली, ‘चपला बाहेर काढाव्यात. आत येऊ नये.’ खंडेनवमीला त्यांनी सर्व्हरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून मागितलं, की बाबा रे, मी जाईपर्यंत असाच राहा.

इथे आपल्या गोष्टीत टिटवीबाई येतात. त्या पाण्याच्या अभ्यासक. कुठल्या वर्षी पाऊस किती, मग कुठला पाणवठा कधी आटला, कुठला झरा उशिरापर्यंत वाहिला, हे त्या नोकरीला लागल्यापासून टिपत आल्या होत्या. सगळं जुन्या सर्व्हरमध्ये होतं. त्यावरून मांडणी करून दर उन्हाळ्यात त्या चौकातल्या फळ्यावर लिहीत, की ह्या आठवड्यात अमक्या पाणवठ्यावर जा. सगळं जंगल तो फळा वाचून पाणी प्यायचं. कुणी आभार मानत नसे, पण ते एक असो.

बाईंचा आवाज कर्कश होता. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ घडतं, अशी समजूत त्या सुशिक्षित जंगलातही होतीच. म्हणून कचेरीत त्यांना हळू बोलण्याची लेखी ताकीद होती. पण भाऊंशी त्यांचं बरं होतं. उडता उडता कुठे ताजं वारूळ दिसलं, की त्या आवर्जून भाऊंना सांगायच्या. भाऊ त्या वारुळावर ताव मारून यायचे.

थंडी सरत आली तशी जुन्या सर्व्हरची घरघर वाढली. एका दुपारी टिटवीबाई केंद्रात आल्या. भाऊंनी सवयीने वळकटी केली. बाई हलल्या नाहीत. खाकरल्या नाहीत. एका पायावर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. शेवटी भाऊंना चहाची तलफ आली आणि ते उलगडले.

“भाऊ, ते यंत्र गेलं तर माझं सगळं पाणी जाईल,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “नव्यात थोडी जागा द्या.”

“उद्घाटन नाही झालं हो बाई.”

“झाकून चालू करा. मी कुणाला सांगणार नाही.”

“आणि काही बिघडलं तर? माझा दाखला?”

बाई दाराकडे वळल्या. जाताना एवढंच सांगितलं, की ओढ्यापलीकडे नवं वारूळ झालंय, जाऊन या. ते ऐकून भाऊंना फार लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाजेच्या भरात ते उठले, नव्या सर्व्हरच्या खोलीचं कुलूप काढून आत गेले. गारेगार खोली. झेंडूचा हार सुकून गेला होता. भाऊ यंत्राजवळ गेले आणि त्यांच्या नाकाला ओळखीचा वास आला.

वाळवी.

यंत्राच्या आत वाळवी लागली होती. चांगली लठ्ठ, मुरलेली वाळवी. भाऊंच्या तोंडाला पाणी सुटलं. बाळांनो, विचार करा. अख्ख्या विद्यापीठात वाळवी खाणारा एकच कर्मचारी, आणि तो वाळवी लागलेल्या यंत्रासमोर उभा. सील काढायचं, जीभ आत घालायची, पोटभर जेवायचं, मग यंत्र चालू करून टिटवीबाईंचं काम वाचवायचं. एका दुपारचं काम.

भाऊंनी सीलवर नख ठेवलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. कचेरीच्या दाराशी, उन्हात, कासवतात्या उभे होते.

भाऊंनी नख काढून घेतलं. सील तुटलं की हमी गेली. कुणी तोडलं म्हणून विचारणार, आणि किल्ली तर आपल्याच गळ्यात. वाळवी काय, असेना बिचारी. ती यादीत नव्हती. त्यांनी आवंढा गिळला, बाहेर आले आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

उन्हाळा लागता लागता जुना सर्व्हर पत्र्याखाली तापून मेला. अस्वलांचे निकाल गेले, वटवाघळांचा इतिहास गेला, आणि टिटवीबाईंचं सगळं पाणी गेलं. त्या दिवशी त्या ताकीद विसरून ओरडल्या. पार डोंगरापर्यंत ऐकू गेलं.

लगेच चौकशी समिती बसली. समितीत व्यवस्थापन विभागाची माकडं होती. त्यांनी खवलेभाऊंना बोलावून विचारलं, यंत्र कशाने बंद पडलं? भाऊंना ठाऊक होतं. एसी कुणी काढला, कुठे लावला, सगळं ठाऊक होतं. टिटवीबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या.

भाऊंनी वळकटी केली.

माकडांनी वळकटीचा अर्थ ‘सांगण्यासारखं काही नाही’ असा लावला आणि निष्कर्ष काढला, की टिटवी ओरडली त्यामुळे यंत्र बंद पडलं. आधी यंत्र बंद पडलं आणि मग टिटवी ओरडली, ही बारीकसारीक बाब अहवालात कशाला घालायची? बाईंची पगारवाढ रोखली. फळा पुसून ठेवला.

आता तरी नवा सर्व्हर हवाच होता. सांबरसाहेब सिंहाच्या गुहेत तीन हेलपाटे घालून आले आणि एकदाची वेळ मिळाली. मांडव पडला. फीत कापताना ती सांबरसाहेबांच्या शिंगांत अडकली, ती सोडवण्यात मुहूर्त टळला, पण ते जाऊ दे. नारळ फुटला. सिंहाने आपल्या पंजाने बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

दिवा लागला नाही, आवाज आला नाही. यंत्राखालून तेवढा चिमूटभर भुसा गळला. खवलेभाऊंनी तो शेपटीने हलकेच मागे सारला. भाऊंच्या डोळ्यांपुढे कासवतात्यांच्या शेजारची मोकळी जागा उभी राहिली.

मग सांबरसाहेब माइकपाशी गेले. अत्यंत अभिमानाने म्हणाले, “हे यंत्र इतकं आधुनिक आहे, की चालू आहे हे कळतसुद्धा नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंहाने खूश होऊन पुन्हा एकदा बटण दाबलं. मागच्या रांगेतल्या एका अस्वलाने शेजाऱ्याला सांगितलं, की खरंच, आपल्याला फरक जाणवतोय. दुसऱ्या दिवशी भाऊंनी यंत्रावर पुन्हा प्लॅस्टिक घातलं. हमी कालच संपली होती.

पुढे भाऊ निवृत्त झाले. यादी ताडून पाहिली. एकूण एक तार जागेवर. जुना सर्व्हर अहवालाप्रमाणे टिटवीबाईंच्या नावावर, नवा उत्तम स्थितीत, एक ओरखडा नाही, एकही बिघाड नोंदलेला नाही. घोरपडबाईंनी दाखला पंजातून सोडला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणून त्या क्षणाचा फोटो काढून ठेवला. भाऊंना शाल दिली, ती खवल्यांवरून घसरत राहिली. नव्या प्रमुखाने, म्हणजे मुंगसाने, किल्ली घेताना विचारलं, की हे चालू कसं करायचं? भाऊंनी त्याला मायेने बाजूला घेऊन सांगितलं, करू नकोस.

बाहेर पडताना कासवतात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान बाहेर काढून भाऊंकडे पाहिलं. “कशाला हात लावला नाहीस ना?” त्यांनी विचारलं. “शहाणा रे बाबा. मीच चुकलो.”

भाऊ दाखला छातीशी धरून चालत सुटले. ऊन रणरणत होतं. तहान लागली म्हणून नेहमीच्या पाणवठ्यावर गेले. तिथे भेगा पडलेला चिखल. दुसऱ्यावर गेले, तिथे दगड. तिसऱ्यापाशी सगळं जंगल जमलेलं. अस्वलं होती, माकडं होती, कडेला सांबरसाहेबही शिंगं खाली घालून उभे होते. पाणी नव्हतं. जो तो चौकातला फळा आठवत होता.

टिटवीबाई तिथेच होत्या. चिखलात काडी खोचून खुणा करत होत्या.

“बाई,” भाऊ म्हणाले, घसा कोरडा पडला होता, “यंदा पाणी कुठे असेल?”

“मागच्या सगळ्या वर्षांशी ताडून बघितल्याशिवाय कसं सांगू?” बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. “आजपासून पुन्हा टिपायला लागलेय. थोडी वर्षं थांबा, सांगते.”

भाऊंनी वळकटी केली. धोका बाहेर असला की वळकटीचा उपयोग होतो. तहान आतच होती.

तात्पर्य: बाळांनो, यंत्र वापरलं की झिजतं, झिजलं की मोडतं आणि मोडलं की कुणीतरी जाब विचारतं. न वापरलेल्या यंत्राबद्दल आजवर कुणालाही नोटीस आलेली नाही. म्हणून मोठे व्हाल तेव्हा कशालाही हात लावू नका आणि दाखला मिळवा. मग तो नीट जपून ठेवा, तहान लागली की चाटायला होतो.