छत्तीसनंतरचे दोन फोटो

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज व्हायला नको. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासणं हे माझं काम. जळलेली गोदामं, फुटलेल्या टाक्या आणि 'मी नुसता हात लावला, ते आपोआप पडलं' अशी निवेदनं दिवसभर वाचायची. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन गप्प बसावं. पण सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचे फोटो मी काढीन, आणि तेही मोबाइलवर नाही, फिल्मच्या कॅमेऱ्यावर, असं मी सासुरवाडीला जेवता जेवता बोलून गेलो. (तोंडात घास होता. तो गिळायला थांबलो असतो तर तेवढ्यात विचार तरी केला असता.)

माझे सासरे दातांचे डॉक्टर. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी अजून एकदाही मोकळेपणाने हसलेलो नाही. जांभई आली तर बाथरूममध्ये जाऊन देऊन येतो.

मागच्या वाढदिवसाला माझ्या मेव्हण्याने मोबाइलवर त्यांचा फोटो काढला होता. मोबाइलने आपल्या मनाने सुरकुत्या पुसल्या, डोळ्यांखालचा काळेपणा उजळला आणि बाबांना मागच्या भिंतीपासून कात्रीने कापल्यासारखं सुटं केलं. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि हा माणूस कोण, असं विचारलं. मग माझ्या चेहऱ्याला इस्त्री करायला कोणी सांगितलं होतं, असंही विचारलं. मेव्हणा तेव्हापासून त्यांच्यासमोर खिशातून मोबाइल काढत नाही.

म्हणूनच मी ते बोललो. फिल्म असा आगाऊपणा करत नाही, म्हणालो. तिच्यावर प्रकाश पडतो आणि मुरतो. फोटोला बारीक वाळूसारखा दाणा असतो, त्यामुळे कातडी कातडीसारखी दिसते. खिडकीतला उजेड एकदम पांढराफटक होत नाही, हळूहळू विरत जातो. सावलीतही काहीतरी शिल्लक राहतं. (हे सगळं मी ऑफिसच्या वेळात एका व्हिडिओत ऐकलं होतं.) बाबा जेवायचे थांबले, माझ्या तोंडात बघत म्हणाले, "ठीक आहे. मग तुम्हीच काढा."

पंचाहत्तरीला महिनाभर उरला होता.

जुन्या वस्तूंच्या दुकानातून कॅमेरा आणला, छत्तीस फोटोंचा रोल आणला. बायकोने एकच प्रश्न विचारला. फोटो नीट आलाय की नाही, हे कसं कळणार? नाही कळणार, हीच तर त्यातली गंमत, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ती गंमत माझी मलाच नीट कळेना.

खरी भीती वेगळीच होती. त्या दिवशी मोठी आत्या येणार होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण एक दात. आत्याच्या उजव्या सुळ्याशेजारचा दात बाबांनी काढला होता. आत्याचं म्हणणं, दुखत होता तो त्याच्या पलीकडचा, माझा चांगला दात काढला. बाबांचं म्हणणं, काढला तोच किडलेला होता. दात फेकून दिलेला, त्यामुळे पुरावा कोणाकडेच नाही. आत्याने ती फट मुद्दाम कधी भरून घेतली नाही. नातेवाइकांत कुठेही गेली की मोठ्याने हसायची, म्हणजे सगळ्यांना दिसावी.

सासूबाईंनी तिला फोन करून करून बोलावलं होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की दोघांचा एकत्र असा एक तरी फोटो मला हवा आहे, पुन्हा ही संधी येईल न येईल. एवढं बोलून त्या डोळे पुसत ओट्याकडे वळल्या. मी गॅसच्या शेगडीला टेकून उभा राहिलो. (ती चालू होती. शर्ट गेला.)

वाढदिवसाच्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. फोटोच्या वेळी कोणाचं लक्ष विचलित व्हायला नको, असं कारण दिलं. बाबांनी मान डोलावली. त्यांनी माझ्या एखाद्या गोष्टीला मान डोलावण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मी हवेत होतो.

आत्या बाल्कनीत बसली, बाबा बैठकीच्या खोलीत. दोघांनी दिवसभर जागा सोडली नाही. बायको मध्ये फेऱ्या मारत होती. आत्या म्हणाली, त्याने इकडे यावं. बाबा म्हणाले, मी वाढदिवसाचा माणूस, मी का उठू. तोवर मी सासूबाईंचे, मेव्हण्याचे, शेजाऱ्यांचे फोटो काढत सुटलो होतो. शेवटी बायको थकली आणि म्हणाली, निदान दोघांचे वेगवेगळे तरी काढा.

मी बाल्कनीत गेलो. आत्या खुर्चीवर ताठ बसली आणि फट दिसेल असं हसली. फिल्म पुढे सरकवायचा खटका मी ओढला, तर तो अर्ध्यात अडला. जोर लावला. आतून कट् असा बारीक आवाज आला आणि खटका सैल पडला. आत्या हसू धरून बसली होती, तिला ताटकळत ठेवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून फोटो घेतला. तसाच आत आलो, सैल खटका पुन्हा ओढून बाबांचा घेतला. बाबांनी ओठ घट्ट मिटलेले. कॅमेऱ्यावरच्या फोटो मोजणाऱ्या काट्याकडे लक्ष गेलं ते त्यानंतर. तो अडतीसवर होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्या सकाळीच गेली, जाताना बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही अजून सासुरवाडीलाच होतो. मी बाल्कनीत जाऊन दबक्या आवाजात फिल्म धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. हा गृहस्थ सदैव कोणाच्या तरी समाचाराला आल्यासारखा बोलतो.

"किती फोटो काढलेत?"

"अडतीस."

मग तो म्हणाला, "रोल छत्तीसचा. मग वरचे दोन कशावर काढलेत?"

मी आत्याच्या कालच्या खुर्चीवर बसलो. तो सांगत गेला. शेवटाला पोचल्यावर जोर लावला असेल तर फिल्मच्या कडेची भोकं फाटली असतील. किंवा फिल्म पहिल्यापासूनच अडकली नसेल, जागच्या जागी असेल, आणि तसं असलं तर अख्खा दिवस एकाच चौकोनावर काढला आहे, म्हणजे काहीच नाही. बोट लावून बघितलं की कळेल, पण ते पूर्ण अंधारात करायचं काम, त्याच्याकडच्या काळ्या पिशवीत. उद्या आणा, आज उघडू नका, आणि आशाही फार ठेवू नका, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

उद्यापर्यंत धीर धरणारा माणूस वेगळा असतो. सासूबाई समोर आल्या की मला त्यांचे स्वयंपाकघरातले ओले डोळे दिसत होते. मी सगळे स्वयंपाकघरात गेल्याचं बघितलं, आतल्या खोलीतल्या मोठ्या कपाटात शिरलो आणि दार आतून ओढून घेतलं. आत कोट, चादरी आणि डांबरगोळ्यांचा वास. स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. मी गुडघे पोटाशी घेऊन कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि चाचपडत बोट आत घातलं.

फिल्म होती. एका बाजूला तिची जाडजूड गुंडाळी लागली, म्हणजे ती दिवसभर पुढे सरकत होती. मला रडू यायचंच बाकी होतं. मी तळहात मधल्या उघड्या फिल्मवर ठेवला, ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आता झाकण लावायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं.

दारात बाबा. हात स्वेटरसाठी पुढे केलेला. आणि समोर, कोटांच्या खाली, मांडीवर उघडा कॅमेरा घेऊन बसलेला जावई. भीतीने माझं तोंड उघडं पडलं होतं, त्यामुळे ते सवयीने आधी त्यात बघत राहिले.

"जावईबापू, काय करताय?"

"फिल्म तपासतोय."

"कपाटात?"

"अंधार लागतो, बाबा."

त्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. लख्ख ऊन आलं होतं. मग माझ्याकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "आता उजेड झालाय."

त्यांनी हँगरवरचा स्वेटर काढला आणि दार पुन्हा लावून टाकलं. मी आतच. मी कॅमेरा बंद केला, पण बाहेर यायची हिंमत होईना. बायकोने जेवायला हाका मारल्या तेव्हा निघालो. जेवताना बाबा कोणालाही काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला परवडलं असतं. ते फक्त अधूनमधून माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी मी तोंड घट्ट मिटून चावत होतो.

रोल स्टुडिओत दिला. फोटो येईपर्यंतच्या दिवसांत माझं वजन उतरलं. सासूबाईंचा रोज फोन, आले का फोटो? बायको त्यांना सांगायची, फिल्मचं काम आहे, वेळ लागतो, पण बघ कसे येतात ते. तिच्या आवाजात अभिमान असायचा आणि मला दुसऱ्या खोलीत जाऊन बसावं लागायचं. ऑफिसात एकाने लिहून दिलं होतं, की नुसता हात लावला आणि टाकी फुटली. मी पहिल्यांदाच कसलीही चौकशी न करता दावा मंजूर केला. माणसाच्या हातून होतं असं.

शेवटी स्टुडिओवाल्याने बोलावलं. आतल्या खोलीतून तो ऑपरेशन करून आल्यासारखा हातमोजे काढत आला. सुरुवातीचे वाचले, म्हणाला, कारण ते गुंडाळीत खोल होते. वरच्या थरातले गेले.

वाचलेले फोटो मी भीत भीत पाहिले, आणि खरं सांगतो, ते सुंदर होते. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंच्या गालावर उजेड सायीसारखा उतरला होता. पांढरा पडदा पांढराच होता तरी त्याची एकेक चुणी दिसत होती. मागच्या सावलीत मेव्हणा होता, सावलीसकट. पण पुढे पुढे प्रत्येक फोटोत एका कडेने नारिंगी जाळ शिरत गेला, आणि केक कापायच्या वेळेपर्यंत सगळी मंडळी त्यात भस्म झाली.

"आणि हा शेवटचा," स्टुडिओवाला म्हणाला. "भोकं फाटली, फिल्म सरकली नाही, तुम्ही एकावर एक दोन काढलेत. हा तर कपाटातच पूर्ण जळायला हवा होता. तुमचा हात होता का वर?"

मी मान हलवली. चारी कडांना जाळ होता, आणि मधोमध माझ्या हाताखाली जे वाचलं होतं, त्यात आत्या आणि बाबा होते. शेजारी शेजारी नाही. एकातच एक. कपाळ दोघांचं एकच, नाकही एकच, कोणाचं कुठे संपतं ते सांगता येईना. बाबांच्या मिटल्या ओठांवर आत्याचं हसू बरोबर येऊन बसलं होतं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा तोंडभर हसत होते, आणि त्यांच्या उजव्या सुळ्याशेजारी फट होती.

दातांच्या डॉक्टरचा दात पाडून तो फोटो त्यांनाच नेऊन द्यायचा होता. मी तो लपवायचं ठरवलं. पण बायको सोबत आली होती. ती फोटो हातात घेऊन नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हा आधी बाबांना दाखवायचा."

बाबांनी खिडकीशी जाऊन चष्मा वर केला. मी दाराजवळच उभा होतो, वेळ पडली तर बरं. सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. बाबा जिभेने आतून स्वतःचा उजवीकडचा दात चाचपत होते. एकदा, मग पुन्हा एकदा.

"फार वाईट दिसतं," ते शेवटी म्हणाले. मला वाटलं, झालं. पण ते फोटोकडेच बघत होते. "दात चांगला होता तिचा. काढताच कळलं होतं मला."

त्यांनी माझ्या बायकोकडे आत्याचा नंबर मागितला, फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर बसलो. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग बाबांचा हळू आवाज आला. आणि मग, त्या घरात कधीच ऐकला नव्हता असा आवाज आला. बाबा मोठ्याने हसत होते.

सासूबाईंना रडू आवरेना. बायको माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की मीही आयुष्यात काहीतरी केलं असं मला वाटायला लागलं. अंगातली भीती बोटांच्या टोकांतून निथळून जात होती.

बाबा बाहेर आले. चेहरा मोकळा, डोळे ओले. ताई पुढच्या आठवड्यात राहायला येतेय, म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्हा बहीणभावांचं एका गोष्टीवर शंभर टक्के एकमत झालं. मी धीर करून विचारलं, की कोणत्या गोष्टीवर.

"तुमच्याबद्दल," बाबा म्हणाले. "ताई येताना फोटोग्राफर घेऊन येतेय."