अकरा पूर्णांक एकाहत्तर

आगाशे काकांनी पहिल्या भेटीत मला माझं नाव विचारलं नाही. माझ्या एका हातात पितळेची बोटभर नळी दिली, दुसऱ्या हातात मायक्रोमीटर दिला आणि म्हणाले, "बुडापाशी किती भरते, सांग."

मी त्यांच्या सँडरिंगहॅमच्या घरामागची खोली भाड्याने बघायला आले होते. पेनरोजच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे, म्हणजे लोकांनी बनवलेल्या वस्तू दिवसभर मोजत बसते. हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, तीच चूक झाली. मी नळी मोजली. "इलेव्हन पॉइंट सेव्हन वन."

"मराठीत."

मी इंग्लिश मीडियमची. मराठी आकडे तिसापर्यंत ठीक, पुढे सगळं धुकं. "अकरा पॉइंट... सत्तर आणि एक," मी म्हणाले.

"अकरा पूर्णांक एकाहत्तर." काकांनी नळी परत घेतली आणि अंगठ्याने पुसली. "खोली तुझी."

"अहो, तिला आधी पाणी तरी विचारा," आतून काकूंचा आवाज आला. "आणि नाव."

"नाव राहू दे," काका म्हणाले. "माप बरोबर सांगते."

ही गोष्ट २०१७ची. त्यानंतर तीन आठवडे ते मला 'मागची' म्हणत होते. सई हे माझं नाव त्यांना कळलं ते काकूंनी ओरडून हाक मारली तेव्हा.

ती पितळी नळी म्हणजे रायफलीच्या काडतुसाची केस होती. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. बंदूक मी फक्त बँकेच्या दारात पाहिलेली. काकांनी पहिल्याच शनिवारी गॅरेजमध्ये उभं करून सगळं समजावलं. "वर टोक दिसतं ती गोळी. खालचं पितळी अंग ती केस. गोळी जाते, केस राहते. जाते तिचं कौतुक सगळे करतात. मी राहते तिचं बघतो."

गॅरेजमध्ये मी गाडी कधीच पाहिली नाही. एका बाजूला छोटं लेथ, दुसऱ्या बाजूला फळ्यांवर श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे, छतापर्यंत. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात फक्त एक आकडा. कुणाचं नाव नाही की काडतुसाचं नाव नाही.

दक्षिण गोलार्धातल्या या देशात घरोघरी कपाटात आजोबांची रायफल असते, हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं. रायफल शंभर वर्षं टिकते. तिचं काडतूस बनवणारा कारखाना मात्र एक दिवस ठरवतो की आता ते खपत नाही. मग नातू रायफल घेऊन दुकानं फिरतो, दुकानदार मान हलवतात, आणि कुणीतरी त्याला सांगतं की सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक इंडियन म्हातारा आहे. कुणी हंटलीहून यायचा, कुणी गिसबर्नहून, यूट म्हणतात त्या उघड्या पाठीच्या गाडीत मागे कुत्रा बसवून. धिप्पाड माणसं गॅरेजच्या दारात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून ठेवायची, कारण काकांनी तशी पाटी लावली होती. आत येऊन हळू आवाजात बोलायची, डॉक्टरकडे आल्यासारखी.

"अ‍ॅगी, मेट, इट वॉज माय ग्रॅनडॅड्स," एकजण सांगत होता. "इट्स कॉल्ड द..."

"नो नेम," काका म्हणाले. "गिव्ह मी साइझ."

ठाण्याच्या एका टूलरूममध्ये हात तयार झालेला हा माणूस. इथे पेनरोजला सव्वीस वर्षं डाय बनवून रिटायर झाला होता. दुसऱ्याच कुठल्या जातीची केस घ्यायची, तिची मान तापवायची, तोंड आवळायचं, उंची छाटायची, आणि जगात जे काडतूस आता कुणी बनवत नाही ते समोर उभं करायचं. काकांना काडतुसांची कुळं पाठ होती. थ्री-ओ-थ्रीचं तोंड आवळून केलेलं थ्री-ओ-थ्री ट्वेंटी-फाइव्ह त्यांच्या खास मायेचं. "थ्री-ओ-थ्रीची लेक ही. आईचं अंग, पण तोंड नाजूक. धक्का कमी देते. एके काळी इथे खूप होती. आता बघ, दुकानात विचारलं तर पोरं हसतात."

"मग लोक नवीन रायफल का घेत नाहीत?" मी एकदा विचारलं.

देवघरातली समई काढून तिथे ट्यूबलाइट लावा असं मी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पैसे ते पितळेपुरते घेत. लोक कुमराच्या पिशव्या आणून देत, ती रताळी काकू उपासाला उकडत. कुणी हरणाचं मांस आणलं की काका ती पिशवी हात लांब करून, मान फिरवून शेजारी देऊन येत. कडक शाकाहारी. हा माणूस शिकारीला जात असेल हे मला खरं वाटत नव्हतं. पण दर वर्षी रॉनबरोबर किंग कंट्रीच्या डोंगरात जायचे, असं मी ऐकून होते. रॉन म्हणजे त्यांचा जुना फोरमन, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, थंडीतही हाफ पँट.

एका शनिवारी काकांनी दोन केसेस माझ्या तळहातावर ठेवल्या. "सारख्या आहेत?"

"हो."

"नाहीत. काडतूस तेच, रायफली वेगळ्या. पहिला बार उडाला की केस फुगते आणि ज्या पोकळीत बसलीय तिचं माप घेते. कायमचं. त्यानंतर मी फक्त तोंड आवळतो, अंगाला हात लावत नाही. ती त्या घरची झाली. या दोघींत मिलिमीटरच्या चार शतांशांचा फरक आहे." मग त्यांनी पाठीमागे हात नेऊन केसेसची अदलाबदल केली, पुढे आणल्या, चष्मा न लावता नुसतं पाहिलं. "ही एकाहत्तर. ही पंच्याहत्तर."

मी त्या दोघी डब्यात घालून सोमवारी कामावर नेल्या. आमच्या खोलीत एक मशीन आहे, त्याला स्वतःचा एसी आहे. मशीन म्हणालं, एकाहत्तर आणि पंच्याहत्तर. मी जेवायचं विसरून त्या दोन नळ्यांकडे बघत बसले. डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी फरक, आणि तो त्या माणसाच्या नजरेत राहत होता.

परत दिल्या तेव्हा मी फक्त "थँक यू" म्हणाले. मला मराठीत कौतुक करता येत नाही. इंग्लिशमध्येही फारसं नाही.

म्हणून पुढचा घोटाळा झाला.

पाडवा दोन दिवसांवर होता. इथे तेव्हा शरद ऋतू असतो, आणि डोंगरात लाल हरणांचे नर ओरडू लागतात. त्या मोसमाला इथे रोअर म्हणतात. रॉन दर वर्षी रोअरच्या आधी आपली काडतुसं घ्यायला येई. शनिवारी येणार होता. शुक्रवारी मला सुट्टी होती. काका डोळे दाखवायला गेले होते. काकूंचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेलेला. त्या म्हणाल्या, "सई, गुढीचा तांब्या आणि समई तेवढी घासशील? चिंच भिजवून ठेवलीय."

मी घासली. काळपट तांब्या चिंचेखाली असा उजळला की मलाच हसू आलं. पातेल्यात अजून बरीच चिंच उरली होती. गॅरेजच्या टेबलावर दोन डबे काढून ठेवलेले दिसले, आत डागाळलेल्या केसेस. पितळच ते. मला वाटलं, जे बोलून दाखवता येत नाही ते हे सांगेल.

दोन्ही डबे मी एकाच पातेल्यात उपडे केले. एकेक केस मीठ लावून घासली. डबेही धुतले. चिठ्ठ्या सुटून पाण्यात विरघळल्या. बत्तीस केसेस घरामागच्या लाकडी डेकवर टॉवेल पसरून मांडल्या आणि उन्हात त्या सोन्यासारख्या दिसू लागल्या.

काका आले. पायरीवरच थांबले.

"पाडव्याची भेट," मी म्हणाले.

ते टॉवेलपाशी खाली बसले. एक उचलली, फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. "छान झाल्यात," ते म्हणाले. "डबे दोन होते ना गं?"

"हो. पण दोन्हीत सारख्याच..." मी म्हणाले, आणि माझ्या तळहातावरच्या त्या दोन केसेस मला आठवल्या.

"रॉनच्या वीस," काका म्हणाले. "आणि बारा..."

"बारा माझ्या," दारातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या.

मी काकूंकडे पाहिलं. कार्डिगन, लोकरी मोजे, मांडीवर ठेवलेला तो उजवा हात.

"शिकारीला तुम्ही जायचात?"

"मग काय हे? रक्ताचा थेंब दिसला की ह्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागतं."

"एकदाच," काका म्हणाले.

"तीनदा. आम्ही नवीन आलो तेव्हा रॉनने दोघांना त्याच्या भावाच्या फार्मवर नेलं, सई. कुंपणावर पाच डबे मांडले. ह्यांनी डोळे मिटून बार काढला आणि खांदा धरून बसले. मी साडीवर गमबूट घातलेले. लहानपणी चिंचा पाडायचे दगडाने, तोच नेम. पाच बार, पाच डबे. रॉनच्या बायकोने स्वतःची जुनी रायफल मला दिली. नाजूक होती, धक्का कमी. मग दर वर्षी मी आणि रॉन डोंगरात, आणि हे झोपडीत पिठलं ढवळत."

"पिठल्याला कुणी नाव ठेवलं नाही," काका म्हणाले.

"मग काही वर्षांनी दुकानात तिचं काडतूस मिळेना. मी म्हटलं, संपलं, झालं तेवढं पुरे. तर हे गॅरेजमधून गाडी बाहेर काढून उभी करून आले."

ती गाडी परत आत गेली नाही. इतके सगळे डबे, इतके आजोबा आणि नातू, सगळं त्या एका रायफलीपायी सुरू झालं होतं.

"ती रायफल कुठेय?" मी विचारलं.

"साउथलँडला, एका पोराकडे," काकू म्हणाल्या. "हात गेल्यावर मीच विकायला लावली. नुसती ठेवून काय करायची?"

काका अजून केसेस चाळत होते. "झटक्याच्या आधीच्या मोसमातले बार हे. रायफल गेली. तिचं माप यात राहिलंय तेवढंच." मग हळूच म्हणाले, "डाग गेले सगळे. मी डागांवरून ओळखतो गं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकांनी आतून मायक्रोमीटर आणला, एक केस त्यात धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उन्हाकडे वळवली. परत जवळ आणली. मग मायक्रोमीटर माझ्यासमोर ठेवला.

"तू वाच."

तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशीची ती परीक्षा माझी नव्हती. त्यांना आकडा दिसत नव्हता.

"मराठीत?" मी विचारलं.

"मराठीतच. हिलाही कळेल."

"मला इंग्लिशमध्येही कळतं," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं झाली इथे."

मी वाचू लागले. पंच्याहत्तर, डावीकडे. पंच्याहत्तर, डावीकडे. एकाहत्तर. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि उजवीकडे स्वतः ठेवली. मी इतक्या जपून कधीही काही मोजलेलं नाही, आणि मला त्याचाच पगार मिळतो. प्रत्येक केस दोनदा मोजली. ऊन डेकवरून सरकत गेलं. काकू मध्ये एकदा चहाचं विचारून गेल्या.

एकतीस झाल्या. डावीकडे वीस, उजवीकडे अकरा. शेवटची धरली.

"त्र्याहत्तर," मी म्हणाले.

त्र्याहत्तर कुणाचीच नव्हती. मी परत मोजली, तेच. काकांनी हात पुढे केला, बुडापासून अंगठा फिरवला, थांबले, आणि नखाने काहीतरी खरवडलं. चिंचेचा वाळलेला कोळ होता, माशीच्या पंखाएवढा.

"आता बघ."

"एकाहत्तर."

काकांनी ती बारावी केस उजव्या रांगेच्या शेवटी ठेवली आणि मग बराच वेळ तिच्यावरचं बोट काढलं नाही.

मी नवीन चिठ्ठ्या कापल्या. रॉनच्या डब्यावर लिहिलं, अकरा पूर्णांक पंच्याहत्तर. दुसरी चिठ्ठी समोर ओढली. "हिच्यावर एकाहत्तर ना?"

"माप राहू दे," काका म्हणाले. "नाव लिही."

"काकू लिहू?"

"नाव लिही." त्यांनी मायक्रोमीटर पुसला, पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या तोंडून 'ही', 'हिला' आणि 'अगं' याशिवाय काही ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनंदा."

दारात काकूंनी गुढीचा तांब्या मांडीवर घेतला होता. डाव्या हाताने, पदराच्या टोकाने, त्या तो पुसू लागल्या. तांब्या सकाळीच लख्ख झाला होता.