दोन पंखे आणि मिश्रीची डबी

या, जरा जवळ सरकून बसा. निपाणीच्या सत्याप्पाची फजिती सांगतो; देवळातच घडली, म्हणजे ऐकायला हरकत नाही.

सत्याप्पा बेळगावच्या कॉलेजात शिकवी आणि सहा वर्षं जोडताऱ्यांवर प्रबंध लिही. "पर नेमकं करतोस काय रं?" आई कोंडाबाई विचारी. तो सांगून सांगून दमला. शेवटी तिनंच निकाल दिला: कीर्तनात उभा राहून सांग, तरच माझ्या डोक्यात शिरंल. बिचाऱ्याने कीर्तनकार आण्णाप्पा बुवांचे पाय धरले. एकादशीच्या दुपारी, पूर्वरंग संपल्यावर, बुवांनी दहा मिनिटं दिली.

त्याने समोरासमोर दोन टेबलफॅन मांडले, एक थोरला, एक धाकटा. घामाघूम बुवा धाकट्याला चिकटून बसले, ते काही केल्या उठेनात. सत्याप्पा सांगू लागला, सूर्याच्या वीसपट जड असे दोन तारे. दोघांच्या अंगातून वारा सुटतो, सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर. वारे भिडतात तिथे कोट्यवधी अंश ताप होतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात.

भिडण्याची जागा दिसावी म्हणून त्याने चिमूटभर बुक्का मागितला.

"बुक्का कपाळाला हाय, फॅनला न्हाय," बुवा म्हणाले.

मग कोंडाबाईनेच कनवटीची मिश्रीची डबी पुढे केली. भाजल्या तंबाखूची पूड, पण काळं ते काळं. सत्याप्पाने ती मधोमध उधळली आणि क्षणभर हवेत काळी भिंत उभी राहिली, धाकट्याकडे वाकलेली, अगदी प्रबंधातल्या आकृतीसारखी. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागच्यांना दिसत नसेल म्हणून टाळकरी रवळूने थोरल्याचं बटण तीनवर फिरवलं.

भिंत बुवांवर गेली. मृदंग शिंकला, टाळ शिंकले, बायका पदरात शिंकल्या. बुवांचा गळा बसला आणि उत्तररंग बुडाला.

घरी जाताना सत्याप्पा करवादला, "आता कुणाला काही समजावणार नाही. सहा वर्षं घालवली, निघाल्या काय तर शिंका."

"मला कळलं की," कोंडाबाई म्हणाली. "थोरल्याचा जोर ज्यास्त, म्हणून भांडण धाकट्याच्या दारात. तारं आपापल्या जागी, ताप मधल्याला. आन् तुझं ते किरण बी बघितलं मी. बुवांच्या डोळ्यांतनं निघत हुतं."

सत्याप्पा रस्त्यातच थांबला. एवढं त्याच्या मार्गदर्शकांच्या गळी उतरवायला अडीच वर्षं लागली होती.

"हुबा काय ऱ्हायलास? मिश्री आणून दे आधी."

तर मंडळी, कपाळाला बुक्का लागेल तेव्हा कोंडाबाईची आठवण ठेवा. उभ्या जन्मात तिचं एकच कीर्तन ऐकायचं अर्धं राहिलं, तेही लेकाचं काम कळावं म्हणून.