पाटावरचा कीबोर्ड

कांबळे सरांशी बोलताना आधी त्यांच्या बोटांकडे लक्ष जायचं. तुम्ही तोंड उघडलं की सर तुमचं बोलणं पुटपुटत टाइप करायला लागत. टेबलावर, मोटारसायकलच्या टाकीवर, काहीच नसलं तर स्वतःच्या मांडीवर. बरं, तुमचं वाक्य संपेपर्यंत थांबतील तर शपथ. मी "सर, उद्या मी..." एवढंच म्हणावं आणि यांनी "इचलकरंजीला जाणार, दुकान बंद" इथवर टाइप करून मोकळं व्हावं. मी जाणार असायचो जयसिंगपूरला. "पुढचा शब्द बोटाला आधी कळतोय," असं त्यांचं म्हणणं. तो शब्द बहुतेक वेळा चुकायचा, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

राजारामपुरीत माझं मोबाईलचं दुकान आणि मागच्या गल्लीत सरांचा टायपिंग क्लास. पुढच्या खोलीत मशिनं, आतल्या खोलीत संसार. संगणक आले तसे आसपासचे क्लास पटापट बंद पडले. सर मात्र ऐकायला तयार नव्हते. "काँप्युटर झाला म्हणून काय झालं? त्याला बी बोटंच लागत्यात की."

मग सरांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काकूंना शांतता हवी म्हणून सरांनी त्यांना दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी क्लास बंद केला, मशिनांवर खोळी चढवल्या आणि मधलं दार लावून टाकलं. काकू रोज दुपारी त्या दाराकडे डावा हात करून काहीतरी सांगू बघत. वारा लागतोय? सर कडी घालत. कोण आलंय? कोणी नसायचं. हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून सरांनी पुठ्ठ्यावर अक्षरं काढून दिली. पण काकूंनी एका अक्षरावर बोट ठेवायचा अवकाश, सर उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करत. शेवटी काकूंनी पुठ्ठा भिरकावला.

"तिला काय पायजे तेवढं कळू दे, मग मी कायबी करतो," सर दुकानात येऊन म्हणाले. त्या दिवशी त्यांची बोटं काउंटरवर नुसती पडून होती. मला ते बघवेना.

माझ्या मेव्हण्यानं दुबईहून एक अजब वस्तू आणली होती. काडेपेटीहून थोडी मोठी डबी. समोर तांबड्या उजेडाचा इंग्रजी कीबोर्ड उमटायचा आणि त्या उजेडावर बोट टेकवलं की मोबाईलवर अक्षर यायचं. दुकानात तिला गिऱ्हाईक नव्हतं. पण मोबाईलवरच्या बारीक अक्षरांवर काकूंचं बोट नेमकं बसणार नव्हतं आणि बटण दाबायचा जोर बोटात नव्हता. उजेडावर टेकवायला जोर कशाला लागतो? मी डबी घेऊन गेलो.

आधी उन्हात काही दिसेना, म्हणून खिडकी लावली. काकूंच्या पुढ्यात स्टीलचं ताट ठेवलं तर सगळा उजेड छताला. मग सरांनी जेवायचा पाट आणला. पाटावर कीबोर्ड स्वच्छ उमटला. "आधी मी बघतो," म्हणत सरांनी दोन्ही हात सवयीनं मधल्या ओळीवर ठेवले, आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं तसे. मोबाईलवर अक्षरांची रांगच लागली.

"मी अजून मारलंच न्हाय की."

"सर, टेकवलं म्हणजे मारलंच."

"मग हात ठिवायचा कुठं? डोक्यावर?"

पुन्हा टेकवले, पुन्हा रांग. सर घामाघूम झाले. "खूळ हाय ह्ये. घिऊन जा परत."

काकूंनी डाव्या हातानं पाट स्वतःकडे ओढला.

काकूंचं बोट खाली आलं आणि भलतंच अक्षर पडलं. मी ते पुसलं. एकदा थकल्या तर या पुन्हा हात लावायच्या नाहीत, ही धास्ती मलाही होती आणि सरांनाही. बोट पुन्हा उतरलं. सी.

"चहा," सर म्हणाले.

"सर, गप बसा."

सरांनी दोन्ही हात बगलेत दाबून धरले. एल. ए. मध्येच बोट घसरलं, मी पुन्हा पुसलं. इंग्रजी अक्षरांत एक शब्द उभा राहिला: क्लास. आणि बऱ्याच वेळानं दुसरा: उघडा.

"अगं, पण आवाजाचा तुला तरास..."

काकूंनी हात वर केला. सर थांबले.

पुढचे दोन शब्द यायला फार वेळ लागला. काकूंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचं बोट पाटावरून उठलं तेव्हा मी मोबाईल सरांपुढे धरला.

करमत नाही.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग पलंगाच्या कडेला बसून काकूंचा तो हात हातात घेतला. मी खोलीत आहे हेही बहुधा ते विसरले होते.

"मला तरी कुठं करमतंय गं," सर म्हणाले.